चतुराबाईंच्या हाताचं पॅकिंग

चतुराबाईंच्या हाताला सलाईन लागलं आणि रंगनाथच्या जिवाला घोर लागला. पुढच्या आठवड्यात लेकीचं, वैष्णवीचं लग्न. मखमलाबादच्या मळ्यात मांडवाच्या मेढी रोवून झालेल्या, आणि नवरीची आई उलट्या-जुलाबांनी गळून पंचवटीतल्या एका दवाखान्यात खाटेवर आडवी. एप्रिलच्या उन्हात पत्रिका वाटत फिरायचं, घरोघरी आग्रहाचं सरबत प्यायचं, आणि वर 'मला काय होतंय' म्हणायचं! मग दुसरं काय होणार?

पण रंगनाथला उलट्यांची भीती नव्हती. त्याला भीती होती कातडीची. चतुराबाईंना साखर होती. मागच्या दिवाळीत नव्या चपलेचा पट्टा पायाला काचला, तर ती एवढीशी जखम संक्रांत आली तरी भरेना. शेवटी डॉक्टरांनी बोट काढायची भाषा केली तेव्हा कुठे ती भरायला लागली. घाबरून भरली असावी. आता त्याच बाईच्या हातावर सुई, सुईच्या मागे प्लॅस्टिकची टणक जोडणी आणि वरून चिकटपट्टी. रंगनाथ त्या जोडणीकडे विंचवाकडे बघावं तसा बघत होता.

“सिस्टर, हे खालून टोचल का वो?” त्याने विचारलं.

“टोचेल म्हणूनच तर आलेय,” सुवर्णा सिस्टर म्हणाल्या.

सुवर्णा सिस्टर म्हणजे बुटकी, चपळ, फटकळ बाई. वॉर्डात त्यांची चाहूल लागली की पेशंट आपोआप सरळ झोपत. त्यांनी हातातल्या गॉजची छोटीशी घडी केली, ती जोडणी अलगद उचलली आणि घडी खाली सरकवली. नळीला एक सैल वळसा दिला आणि पट्टी अशी लावली की सुईभोवतीची कातडी उघडी राहिली.

“काका, ही जोडणी दिवसभर एकाच जागी दाबत राहिली की वळ उठतो. मावशींना साखर आहे, वळाची जखम व्हायला वेळ लागत नाही. म्हणून खाली घडी. आणि मी अधूनमधून येऊन बघणार.”

“ती झोपली असली तरी?”

“झोपल्या असल्या तर नक्कीच. झोपेत माणूस हात हलवत नाही, तेव्हाच जास्त दाबलं जातं.”

रंगनाथ तिथेच जिंकला गेला. कारण काय, की सबंध मखमलाबादेत द्राक्षाची पेटी भरावी तर रंगनाथनेच. खाली कागदाची कात्रणं, वर घड, घडाच्या देठाला आधार, मण्याला मणी घासायची सोय नाही. त्याची पेटी मुंबईच्या मार्केटात उघडली तरी घड आत्ताच वेलीवरून उतरवलाय असं वाटायचं. अशा माणसाला सुवर्णा सिस्टरांची ती घडी दिसली आणि आपल्या घराण्यातलंच कुणीतरी भेटल्यासारखं झालं. तो त्यांच्यामागे नजर लावून बसला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या नाकातली नळी कानामागे काचत होती, तिथे त्यांनी कापूस ठेवला. पलीकडच्या बाईच्या हाताखाली अडकलेली नळी त्यांनी मोकळी केली. रंगनाथचा ऊर भरून आला.

“चतुरे, ही बाई नर्स नाय,” तो म्हणाला, “ही पॅकिंगवाली हाय!”

त्याच्या तोंडून याहून मोठी पदवी आजवर कुणाला मिळाली नव्हती.

“माझा हात हाय तो,” चतुराबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “घड नाय.”

हे त्यांचं बोलणं रंगनाथने मनावर घेतलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

दुपारी सुवर्णा सिस्टर ऑपरेशनसाठी आत गेल्या. दुसऱ्या सिस्टर बाळंतिणींच्या खोलीत गुंतल्या होत्या. चतुराबाईंना इंजेक्शनाने गाढ झोप लागली. आणि नेमकी भेटीची वेळ झाली. पहिली आली रंगनाथची बहीण सरुबाई. रंगनाथने तिला घडीचं माहात्म्य सांगितलं. सरुबाईने नाकाला बोट लावलं.

“अगं बया! एवढीशीच घडी? लग्नघरची बाई हाय, तिच्या हाताला चिंधीभर कापड?”

“भारी इद्या हाय ती, सरू.”

“इद्या असू दे भारी. कापड बी भारी नको का?” म्हणत सरुबाईने पिशवीतून जुन्या लुगड्याचा मऊसूत तुकडा काढला. त्यात तिने प्रसाद बांधून आणला होता. प्रसाद तिने काढून ठेवला आणि लुगडं हाताभोवती गुंडाळलं. आता बहिणीचं मन कसं मोडायचं? आणि खरं सांगायचं तर रंगनाथलाही पटलं. चांगल्या गोष्टीत काटकसर कशाला?

तेवढ्यात मोतीराम आला. हा रंगनाथचा पेट्या भरायचा जोडीदार, टेम्पो भरून थेट शेडवरून आलेला. त्याच्या हातात पिशवी, पिशवीत उरलेली कागदाची कात्रणं.

“लुगडं गरम होतंय,” मोतीरामने निदान केलं. “वरून कात्रणं पायजेत. हवा खेळती ऱ्हाती.”

आता दोन कसलेले कारागीर एकत्र आले म्हटल्यावर काय विचारता! लुगड्यावर कापूस, कापसावर कात्रणं, कात्रणं सांडू नयेत म्हणून पुठ्ठा, पुठ्ठा हलू नये म्हणून सुतळी. पेटीला मारतात तशी गाठ मोतीरामने मारली. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत हात दिसेनासा झाला, नळी तेवढी एका बाजूने आत शिरताना दिसत होती. रंगनाथने सवयीने त्यावर टिचकी मारून बघितली, हलकेच हलवून बघितलं. आत काहीच हललं नाही.

“मुंबईपर्यंत काय होत नाय याला,” तो समाधानाने म्हणाला.

शेजारच्या म्हाताऱ्याने आपला हात पुढे केला. “आमचं बी करा की.”

“कात्रणं सपली, बाबा. उद्या आणतो,” मोतीराम म्हणाला आणि जायला निघाला.

तो दारात असतानाच डॉक्टर राउंडला आले. चतुराबाईंच्या खाटेशी थबकले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“यांचा हात कधी मोडला?”

रंगनाथ उत्तर द्यायला तोंड उघडतोय तोच आतून डॉक्टरांना ऑपरेशनला बोलावणं आलं आणि ते तसेच निघून गेले. मोतीरामही निघून गेला, पण डॉक्टरांचं वाक्य बरोबर घेऊन. डॉक्टर बोलले म्हणजे खरंच असणार! आपण गाठ जास्त आवळली आणि वहिनींचा हात मोडला, या विचाराने बिचाऱ्याला घाम फुटला. बाजारात पहिला माणूस भेटला त्याला त्याने ते सांगून टाकलं. आणि तो पहिला माणूस निघाला लहानू आप्पा, वैष्णवीचा होणारा सासरा. सटाण्याचा कांद्याचा व्यापारी, लग्नाचा बस्ता घ्यायला जीप करून नाशिकला आलेला. त्याने बस्ता दुकानातच सोडला आणि जीप दवाखान्याकडे वळवली.

इकडे ऑपरेशन संपता संपता डॉक्टर सुवर्णा सिस्टरांना म्हणाले, “त्या साखरेच्या बाईंचा हात मोडलाय, प्लॅस्टर घातलंय, आणि मला कुणी सांगत नाही?”

“कुठल्या बाईंचा?” म्हणत सिस्टरांनी हातमोजे काढले आणि वॉर्डाकडे जवळजवळ धावतच आल्या. खाटेवरचं ते गाठोडं बघून त्या जागीच उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

“तुमचीच पद्धत, सिस्टर,” रंगनाथ अभिमानाने म्हणाला. “फक्त जरा पक्की केली.”

“कात्री!” सिस्टर ओरडल्या. त्याच क्षणी दारातून लहानू आप्पा, त्याची बायको आणि जीपमधली सगळी मंडळी आत घुसली.

“ईनबाईना हात मोडना म्हने!” लहानू आप्पा आपल्या अहिराणीत कळवळून म्हणाला. “आते कसं शे?”

“काही मोडलेलं नाही. सगळ्यांनी भिंतीला लागून उभं राहा. बोलायचं नाही.”

सटाण्याच्या बाजारात ज्याच्या आवाजापुढे कुणाचा आवाज चढत नसे तो लहानू आप्पा भिंतीला लागून उभा राहिला. सिस्टरांनी सुतळी कापली. पुठ्ठा निघाला. कात्रणं मोकळी झाली आणि पंख्याच्या वाऱ्याने वॉर्डभर उडाली. म्हाताऱ्याच्या उशीवर, औषधांच्या ट्रेमध्ये, लहानू आप्पाच्या टोपीवर. मग कापूस, मग लुगडं. कांदा सोलावा तसा एकेक पदर निघत होता आणि कांद्याच्या व्यापाऱ्यासकट सगळे श्वास धरून बघत होते.

हात निघाला तो फुगलेला, ताणलेला. सुतळीच्या ओढीने सुई जागची हलली होती आणि सलाईन शिरेत जायचं ते कातडीखाली साठत होतं. गॉजची घडी बाजूला सरकली होती आणि ती टणक जोडणी मांसात रुतून खाली लालभडक खळगा पडला होता. रंगनाथ खाटेवर वाकला. त्याला चपलेचा पट्टा आठवला, ते बोट आठवलं.

“फुटली का वो कातडी?” त्याने कसंबसं विचारलं.

सिस्टरांनी आधी सलाईन बंद केलं, सुई काढली. मग खळग्याच्या कडेने बोटाच्या टोकाने हलकेच दाबलं, रंग कसा बदलतो ते बघितलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बघितलं. सबंध वॉर्ड त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“नाही फुटली,” त्या म्हणाल्या. “थोडक्यात वाचल्या.” त्यांनी हात उशीवर उंच ठेवला आणि मग रंगनाथकडे वळल्या. “काका, तुमच्या पेटीत घड नासायला लागला तर बाहेरून कळतं?”

“नाय. उघडून बघावी लागती.”

“मग मी हे पुठ्ठ्यातून कसं बघणार होते? घडी मी उगाच एवढीशी नाही केली. जोडणी उचलली जावी आणि कातडी मला दिसावी, एवढीच करायची असते ती.”

रंगनाथला भर वॉर्डात रडू फुटलं. चतुराबाईंना जाग आली ती त्या आवाजाने. समोर सगळे व्याही रांगेत उभे बघून त्या दचकल्या आणि पदर घ्यायला हात उचलायला गेल्या.

“मावशी, हात हलवायचा नाही.”

“अवं पण व्याही आलेत!”

“ते थांबतील,” सिस्टर म्हणाल्या. व्याही थांबले.

नवी सुई दुसऱ्या हाताला लावायची, तर त्या हातात मनगटभर हिरव्या बांगड्या. लग्नघरच्या सवाष्णीला बांगड्या काढा म्हणायची कुणाची छाती? सिस्टरांनी त्या काढायला सांगितल्याच नाहीत. बांगड्या वर सारल्या, खाली मऊ पट्टी दिली, आणि एकही बांगडी नळीवर येणार नाही अशी सोय केली. सासूबाई होऊ घातलेल्या लहानू आप्पाच्या बायकोने ते बघून मान डोलावली.

“आता तुमचं काम, काका,” सिस्टर म्हणाल्या. “दोन्ही हातांकडे फक्त बघायचं. हात लावायचा नाही. फुगलं, लाल झालं, दुखतंय म्हणाल्या, की मला हाक मारायची.”

आणि रंगनाथ बसला. खाटेच्या लोखंडी दांडीवर हात टेकून, हनुवटी हातावर ठेवून तो बघत बसला. सरुबाईने चहा आणला, तो गार झाला. जेवण आलं, ते तसंच राहिलं.

“सिस्टर, लाल!”

सिस्टर आल्या. “हे कुंकू आहे, काका. कपाळाला लावताना बोटाला लागलंय.”

“सिस्टर, फुगलं!”

सिस्टर पुन्हा आल्या. “हा अंगठा आहे. तो पहिल्यापासून असाच असणार.”

पण दर हाकेला त्या आल्या. एकदाही 'उगाच का बोलावलंत' म्हणाल्या नाहीत. आल्या की खोटी हाक असली तरी दोन्ही हात बघूनच जायच्या. फटकळ माणसाचा हा गुण मोठा असतो. बोलतील ते बोलतील, पण काम टाळणार नाहीत.

सकाळी सूज उतरली होती. खळग्याच्या जागी फिकट गुलाबी खूण तेवढी राहिली होती आणि कातडी आरशासारखी धड होती. डॉक्टरांनी बघितलं, सिस्टरांकडे बघून “वा!” म्हणाले आणि उद्या घरी जा म्हणून सांगितलं. रंगनाथने दोन्ही हात जोडले. जोडले मात्र, आणि सिस्टरांची नजर त्याच्या हातावर गेली.

“काका, हे काय?”

त्याच्या हातावर, कोपराच्या खाली, आडवा काळानिळा वळ उमटला होता. खाटेच्या दांडीचा. हात एकाच जागी दाबून तो इतका वेळ बसला होता, की दांडी अगदी नक्षीसारखी उठली होती. सबंध वॉर्डात दाबाचा एकच पक्का वळ निघाला, आणि तो पेशंटचा नव्हताच! सुवर्णा सिस्टर पहिल्यांदाच खळखळून हसल्या. मग त्यांनी गॉजची एक छोटीशी घडी केली आणि त्या वळावर ठेवून पट्टी लावली.

“संध्याकाळी काढून टाका,” त्या म्हणाल्या.

रंगनाथ कसला काढतोय! लग्नापर्यंत रोज जुनी घडी काढून तो नवी लावत राहिला. येईल त्या पाहुण्याला बाही सारून दाखवायचा. “सुवर्णा सिस्टरांची इद्या हाय,” म्हणायचा.

कन्यादानाला तो बाह्या सारूनच पाटावर बसला. त्याने ओंजळ धरली आणि चतुराबाईंनी कलशातून धार सोडली. त्यांचा हात हिरव्या चुड्यात स्वच्छ, बेदाग दिसत होता. पहिल्या रांगेत बसलेल्या सुवर्णा सिस्टरांनी आधी तो हात नीट न्याहाळला आणि मगच नवरानवरीकडे बघितलं. समोरच्या लहानू आप्पाची नजर मात्र रंगनाथच्या पट्टीवर खिळली होती. दवाखान्यातून परतल्यापासून त्याच्या डोक्यात जो गुंता होता तो आत्ता सुटला.

“मंग तो मोडेल हात तुमना व्हता का, व्याहीबुवा?”

“मोडलेला नाय, आप्पा,” म्हणत रंगनाथने ओंजळीतला एक हात काढून पुढे केला. “आन हे बघा, कडंनी खालची कातडी दिसती. दिसलीच पायजे.”

सिस्टरांनी तोंडाला रुमाल लावला. भटजींचा मंत्र अर्ध्यावर थांबला. चतुराबाईंनी कलशाची धार मात्र थांबवली नाही.

“आधी ओंजळ धरा,” त्या म्हणाल्या, “पाणी सांडतंय.”