पाण्याची वेळ आणि त्याखाली दाबके काका

ठाकुर्लीला आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे. त्यावर पाण्याची वेळ लिहिलेली असते. "पाणी सकाळी ६ ते ७." आणि त्याखाली, गेली तीन वर्षं, सुवाच्य अक्षरात एखाद्या नव्या बँडच्या नव्या अल्बमवर दाबके काकांचं मत असतं.

"शिलाँगच्या चार मुलांचा अल्बम. आठ गाणी. गिटार वांग्याच्या भरतासारखी, वरून करपलेली, आत मऊ. ड्रम वाजवणाऱ्याला कोणीतरी सांगा, दार उघडंच आहे."

मला दाबके काकांचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं. मी स्वतः एका वेबसाइटवर अल्बमची परीक्षणं लिहितो. माजिवड्याच्या ऑफिसातून परत येऊन, जेवण बाजूला ठेवून, "ध्वनीचे बहुस्तरीय पोत" वगैरे लिहितो. त्याखाली आजवर आलेली सगळ्यात मोठी प्रतिक्रिया माझ्या मावशीची आहे : "छान रे बाळा, जेवलास का?" आणि इकडे काकांच्या फळ्याचा फोटो कोणीतरी टाकला, तर त्या शिलाँगच्या ड्रमवाल्याने तो स्वतःच्या पानावर लावला. "दार उघडंच आहे" छापलेले टीशर्ट काढणार म्हणे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काका अडुसष्ट वर्षांचे. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायच्या कामावर होते. पिवळ्याचे चाळीस प्रकार नुसते बघून सांगत, असं ते सांगतात. या वयाची माणसं जुन्या गाण्यांवर जीव टाकतात. काकांना जुनं गाणं चालत नाही. सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात कोणी जुनं भावगीत सुरू केलं की काका खुर्ची सरकवून उठतात. "जुनं पाठ आहे. नवीन काय?" हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्यालासुद्धा तेच विचारतात.

अल्बम तीनदा ऐकल्याशिवाय ते मत देत नाहीत. पहिल्यांदा भाजी निवडताना, दुसऱ्यांदा मे महिन्यातही पंखा बंद करून आणि तिसऱ्यांदा वही घेऊन. एकदा एका दोन भागांच्या अल्बमवर लिहिताना फळ्यावर जागा पुरेना, म्हणून त्यांनी वरची ओळ पुसली. वरची ओळ होती, "शुक्रवारी पाणी येणार नाही." शुक्रवारी अर्धी बी विंग अंगाला साबण लावून नळाकडे बघत उभी होती.

सेक्रेटरी गुरव भडकले. "अहो दाबके, लोकांनी आंघोळ काय गिटारने करायची?"

"चूक झाली," काका म्हणाले. "पण शेवटचं गाणं बारा मिनिटांचं होतं हो. दोन ओळींत कसं बसवणार?"

दाबके काकू मात्र कोणाशी बोलत नाहीत. जिन्यात भेटल्या की हसतात आणि पुढे जातात. आपण "काय काकू, बाजारात का?" म्हणावं, तर नुसती मान हलवतात. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे शिष्ट म्हणतात. मीही म्हणायचो.

मागच्या वर्षी कल्याणच्या निखिलचा अल्बम आला. निखिल आणि मी कॉलेजात एकत्र गायचो. मग त्याला नवा बँड मिळाला आणि मला विमा कंपनीत नोकरी. काकांनी लिहिलं, "या मुलाचा आवाज दुपारी झोपून उठलेल्या माणसासारखा आहे. खरा." मी फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. आजूबाजूला कोणी नाही असं बघून शर्टाच्या बाहीने "खरा" तेवढं पुसलं. मागे वळलो तर पायरीवर काकू.

"हात लागला सहज," मी म्हणालो. काकू हसल्या आणि वर गेल्या.

मग मी माझा अल्बम काढला. 'अर्धवट अवकाश'. सात गाणी. खोलीच्या भिंतींना गाद्या टेकवून, आईला मिक्सर लावायची बंदी करून रेकॉर्ड केलेली. दुनियेने ऐकला काय आणि नाही काय, मला फळा हवा होता. निखिलला मिळाला तो शब्द मला हवा होता. काकांना जिन्यात गाठून लिंक पाठवली, तीनदा आठवणसुद्धा करून दिली.

"ऐकतोय रे," काका म्हणाले. "भाजी झाली. पंखा व्हायचाय."

आठवडा गेला. फळ्यावर पाण्याची वेळ आली. दुसरा आठवडा गेला आणि फळ्यावर बेंगळुरूच्या कोणा मुलीचा अल्बम आला. तिच्या आवाजाला काकांनी "कोकमाच्या सरबतातलं मीठ" म्हटलं होतं. माझं डोकं फिरलं. रविवारी सकाळी मी सरळ त्यांच्या घरी गेलो आणि बेल वाजवली. आत कुठेतरी दिवा लुकलुकला. काकांनी दार उघडलं.

"माझ्या अल्बमचं काय झालं?"

"लिहिलंय की."

"कुठे? फळ्यावर तर नाही!"

"फळ्यावर काय जायचं ते ही ठरवते," काका म्हणाले. "मी वहीत लिहितो, हिच्यासाठी. हिला आवडलं तर फळ्यावर."

काकू टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. दाराकडे पाठ. आमच्या एवढ्या आरड्याओरड्याने त्यांची मानही वळली नव्हती.

"सात वर्षं झाली," काका म्हणाले. "काही ऐकू येत नाही तिला. मशीन लावलं तर नुसती खरखर. लोकांना सांगू नका म्हणते, उगीच हातवारे करत बसतात. पूर्वी घरात रेडिओ बंद व्हायचा नाही रे. जुनी गाणी अजून डोक्यात वाजतात म्हणते, कडव्यांसकट. जुनं पाठ आहे तिला. पण नवीन कुठून वाजणार? कोणीतरी सांगायला नको?"

एवढ्यात काकूंनी मला पाहिलं. "तू फळा पुसलास ना," त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या, "म्हणून तुझं लावू दिलं नाही मी. हे वाचून तुला लागलं असतं." आणि वही माझ्याकडे सरकवली.

"अमोल, बी विंग. सात गाणी. आवाज बरा आहे, पण गाताना हा कोण बघतंय ते बघतो. शब्द फार जड. नवी पैठणी नेसून भांडी घासल्यासारखं वाटतं. चौथ्या गाण्यात मागून त्याच्या आईची हाक येते, 'अमोल, गॅस बंद केलास का?' काढायची राहिली असावी. ती ऐकून तो पुढची ओळ हसत गातो. अख्ख्या अल्बममध्ये ती एक ओळ त्याची. मी चारदा ऐकली. तुला ऐकवता यायला हवी होती."

हाक राहून गेली होती हे मलाच माहीत नव्हतं. मी वही परत केली. राग यायला हवा होता, पण आला नाही.

"म्हण ना रे ती ओळ," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्हाला..."

काकांनी खांद्यावर हात ठेवला. "म्हण."

मी गायलो. आधी अवघडून. मग आईची ती गॅसची हाक आठवली आणि नको नको म्हणताना हसू फुटलं. काकू शेंगा खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ओळ संपली. त्यांनी माझ्याकडे नाही, काकांकडे पाहिलं.

"बरोबर लिहिलंयत हो," त्या म्हणाल्या.

अडुसष्ट वर्षांचे दाबके काका पोरासारखे लाजले. आणि मला त्यांचा हेवा वाटला, आधी कधी वाटला नव्हता इतका.