कोसमटोल्याची चिंतनवही

सन एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या मार्च महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी कोसमटोल्याच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत एक परिपत्रक पोचले. ते निघाले होते जानेवारीत. वाटेत एक घाट, दोन नाले आणि तीन आवक-जावक लिपिक लागतात, तेव्हा हा वेळ वाजवीच म्हणायचा. परिपत्रकात म्हटले होते की, शिक्षकांची व्यावसायिक वाढ खुंटल्याचे वरिष्ठांच्या निदर्शनास आले असून ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून प्रत्येक शिक्षकाने रोज ‘आत्मचिंतन नोंदवही’ लिहावी. रकाने चार : आज काय शिकवले, काय चुकले, का चुकले, उद्या काय करणार. वही शिक्षकाने स्वतःची आणायची होती. तीतले चिंतन मात्र शासकीय समजले जाणार होते.

मुखरू मास्तरांनी ते उभ्या उभ्याच वाचले आणि शेवटच्या ओळीशी येऊन मटकन खुर्चीत बसले. शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘उत्कृष्ट वही ठेवणाऱ्यांच्या बदलीच्या अर्जांचा सहानुभूतीने विचार करण्यात येईल.’

आता मास्तरांचे दुखणे सांगायला हवे. चार वर्षे झाली, ते धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या या चाळीस उंबऱ्यांच्या गावात एकटे राहत होते. बायको नीलाबाई आणि तीन वर्षांची लेक आरमोरीला. लेकीची न् बापाची गाठ दिवाळीत आणि उन्हाळ्यात. त्यामुळे बाप दारात आला की पोरगी आत ओरडून सांगे, ‘आई, पाव्हणे आले.’ हे ऐकले की मास्तरांच्या काळजात कळ यायची. बदलीचे तीन अर्ज झाले होते. पहिला गहाळ झाला, दुसऱ्यात पहिल्याचा संदर्भ क्रमांक नव्हता म्हणून तो परत आला आणि तिसरा विचाराधीन होता. विचाराधीन अर्जाचे काय होते हे सरकारी नोकरीतल्या माणसाला सांगायला नको.

मास्तर कामाला लागले. माणूस सरळ, वही दोनशे पानी. पहिल्याच दिवशी त्यांनी खरे ते लिहिले : ‘हातच्याची वजाबाकी तीन दिवस शिकवली. एकालाही कळली नाही. चूक माझी. मुले घरी गोंडी बोलतात, मी फळ्यावर पुस्तकी मराठी बोलतो. उद्या काय करावे कळत नाही.’

उद्या काही करायची वेळच आली नाही, कारण मोह पडायला लागला. मोहफूल पडायला लागले की त्या भागात शाळेत चिटपाखरू राहत नाही. सगळे गाव पहाटेपासून झाडाखाली. चौतीसपैकी दोन मुले आली, तीही मास्तरांना कळवायला, की आम्ही येणार नाही. मास्तरांनी रात्रीची नोंद पुन्हा एकदा वाचली, खडू खिशात घातला आणि मुलांच्या मागे जंगलात गेले. झाडाखाली बसून दहा-दहा फुलांचे चार ढीग मांडले, वर दोन सुटी फुले ठेवली आणि म्हणाले, बेचाळीसातून सतरा काढा. बायना नावाच्या नऊ वर्षांच्या पोरीने मास्तरांकडे कीव आल्यासारखे पाहिले, एक ढीग विस्कटला, त्यातून सात उचलली, दुसरा ढीग आख्खाच बाजूला सारला आणि पुन्हा मोह वेचायला निघून गेली. तासाभरात बत्तीस लेकरांना हातचा समजला. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी ती नोंद दोन पाने लिहिली. खरे सांगायचे तर त्या वहीचा उपयोग झाला होता, आणि सगळ्या भानगडीचे मूळ तिथेच आहे.

आठ दिवसांनी वही शिक्षण विस्तार अधिकारी गुणवंतराव यांच्याकडे तपासणीला गेली. वही परत आली ती कारणे दाखवा नोटिशीसकट. नोटिशीत मुद्दे तीन. एक, सलग तीन दिवस निष्फळ अध्यापन केल्याची लेखी कबुली. दोन, शालेय वेळेत शाळा सोडून जंगलात जाणे. तीन, जो पदार्थ दारूच्या भट्टीत जातो तो गणिताच्या तासाला वापरणे, आणि तोही मोजून.

मास्तर एसटीने, मग पायी, मग एका ट्रकने तालुक्याला गेले. गुणवंतराव हे वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी चहा सांगितला, पंखा मास्तरांकडे वळवला आणि नोटीस टेबलावर उताणी ठेवली.

“साहेब, वहीत चूक लिहा म्हनले, म्हनून लिहिली जी,” मास्तर म्हणाले.

“मुखरूभाऊ, वहीत चूक लिहायचीच असते,” गुणवंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “पण केलेली चूक कशाला लिहिता?”

मास्तर एवढ्यावर परतले. त्यांना वाटले आपल्याला समजले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक दिवसापुढे लिहिले, ‘काय चुकले : काही नाही.’ त्यावर तांबड्या शाईत शेरा आला की, चिंतनाचा पूर्ण अभाव दिसतो. ज्याचे काहीच चुकत नाही त्याची वाढ होणार कशी, याचा खुलासा करावा. आता बोला. चूक केली तर नोटीस, नाही केली तरी खुलासा. इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये मास्तर, हातात दौत.

पण गरज माणसाला शहाणे करते. मे महिन्यात मास्तर आरमोरीला गेले, लेकीने पाव्हणे आल्याची वर्दी दिली आणि त्याच दुपारी त्यांना उपाय सुचला. जून उजाडताच त्यांनी लिहिले, ‘आज फळ्याच्या डाव्या बाजूस उभा राहिलो. त्यामुळे उजवीकडील विद्यार्थी वंचित राहिल्याची जाणीव होऊन मन अस्वस्थ झाले. उद्या उजवीकडे उभा राहणार.’ दुसऱ्या दिवशी लिहिले, ‘उजवीकडे उभा राहिलो. आमूलाग्र बदल दिसला.’ कोसमटोल्याच्या शाळेत फळा होता तो पोपडे आलेल्या भिंतीवरच्या काळ्या रंगाचा, आणि त्याच्या डाव्या बाजूला उभे राहायला जागाच नव्हती. तिथे पोषण आहाराच्या दुधभुकटीची पोती होती. शेरा आला, ‘अत्युत्कृष्ट. संवेदनशील.’

मास्तरांना सूर सापडला. सोमवारी खडू लांब धरला, मंगळवारी आखूड धरला. बुधवारी ‘शाब्बास’ जोरात म्हटले, त्याने लाजाळू विद्यार्थ्याचे मन दुखावले असेल असे वाटून रात्रभर झोप नाही. भाषा अशी काही तापली की नोंद चार पानांवर गेली. चार पाने लिहायला वेळ लागतो, आणि रात्री कंदिलाला रॉकेल लागते, म्हणून मास्तर शाळेतच लिहू लागले. मुले शहाणी. सर लिहायला बसले की मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून गप्प बसत. अशी शिस्त त्या शाळेत पूर्वी कधीच नव्हती, आणि मास्तरांनी तीही वहीत टिपली.

एके दिवशी गावचे पाटील बुधूभाऊ शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग हळूच विचारले.

“मास्तर, लेकरं म्हनतेत का सर लिहून राह्यले. आमाले वाटे का लिहाचं लेकरायनं असते.”

मास्तर म्हणाले, थोडेच दिवस, बुधूभाऊ, बदलीपर्यंत. बुधूभाऊंना काही कळले नाही, पण मास्तर चांगला माणूस होता, म्हणून ते जाताना चार काकड्या ठेवून गेले.

धानोऱ्याच्या आठवडी बाजारात मास्तरांची वही बाकीच्या मास्तरांनी पाहिली. शेरे पाहून त्यांची तोंडे उघडीच राहिली. देवराव गुरुजींनी भाजीची पिशवी बाजूला ठेवून चहाच्या टपरीवरच नक्कल उतरवली, त्यांच्यावरून लच्छू मास्तरांनी, आणि पुढच्या बाजाराला तर लोक कार्बन पेपर घेऊन आले. बदली कोणाला नको होती? सगळ्यांनाच हवी होती, आणि सगळ्यांना एकमेकांच्याच गावी हवी होती.

ऑगस्टअखेर गुणवंतरावांनी सगळ्या वह्या एकत्र करून तक्ता मांडला आणि ते हादरले. तालुक्यातले एकशे बारा शिक्षक एकाच सोमवारी फळ्याच्या डावीकडे उभे राहिले होते. एकशे अकरा जण मंगळवारी उजवीकडे गेले. एकशे बारावे हरिदास गुरुजी रजेवर होते, तरी सोमवारी तेही डावीकडे उभे होते. एवढे मोठे शैक्षणिक संकट आपल्या तालुक्यात आहे आणि आपल्याला पत्ता नाही, या विचाराने साहेबांनी जेवण सोडले आणि अहवाल जिल्ह्याला पाठवला.

जिल्ह्याने तातडी ओळखली. ‘फळ्यासमोरील उभे राहण्याची दिशा’ या विषयावर दहा दिवसांचे निवासी प्रशिक्षण निघाले. शाळा बंद ठेवून सगळे शिक्षक हजर झाले. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या. सकाळी डावीकडून उजवीकडे, जेवणानंतर उजवीकडून डावीकडे. ज्यांच्या शाळेत फळाच नाही त्यांच्यासाठी वेगळी तुकडी होती. त्यांनी फळा मनात धरून उभे राहायचे. समारोपात वरून आलेल्या तज्ज्ञांनी सांगितले की, हे सारे ज्या एका प्रामाणिक शिक्षकाच्या चिंतनामुळे उजेडात आले त्यांना मंचावर बोलवावे. मुखरू मास्तरांच्या हातात नारळ आला, खांद्यावर शाल आली. त्यांनी दोन शब्द बोलावे असा आग्रह झाला. मास्तर उठले, कोणत्या बाजूला उभे राहावे हे न सुचल्याने क्षणभर मध्येच थबकले, आणि तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, हीच ती चिंतनशीलता.

मात्र बदलीच्या गोष्टीला गुणवंतराव बगल देऊ लागले. एवढी नामांकित वही कोसमटोल्यातून हलवायची म्हणजे कोसमटोल्याचे नुकसान, असे त्यांना मनापासून वाटत होते. मास्तर तीनदा तालुक्याला गेले. तिसऱ्या खेपेला त्यांचा बांध फुटला.

“साहेब, माही पोरगी मले पाव्हना म्हनते,” ते म्हणाले.

गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही मुली होत्या. बराच विचार करून त्यांनी तोडगा काढला, मास्तरांनी तो एका पायावर मान्य केला आणि अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये बदलीचा हुकूम निघाला : आरमोरीपासून पाच किलोमीटर, डांबरी रस्ता, सायकलने अर्धा तास.

मास्तर सामानासकट घरी आले तेव्हा पोरीने नेहमीप्रमाणे पाव्हण्यांची वर्दी दिली. नीलाबाई बाहेर आल्या, पेटी पाहिली, वळकटी पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला. “हे पाव्हने आता जात नाईत माय,” त्या लेकीला म्हणाल्या. पोरीला हे पटायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी सकाळी मास्तर सायकल पुसत होते, तेव्हा ती मागून येऊन त्यांच्या गळ्यात पडली आणि ‘बाबा’ म्हणाली. मास्तर ओक्साबोक्शी रडले. सुखाचे रडणे होते ते, आणि पाच वर्षांचे साठलेले होते.

तोडगा असा होता की, कोसमटोल्याची वहीही मास्तरांनीच चालू ठेवायची. तिकडे दुसरा शिक्षक द्यायला माणूस नव्हता, पण एवढ्या नावाजलेल्या वहीत खंड पडू देणे प्रशासनाच्या दृष्टीने योग्य नव्हते. म्हणून मास्तर रोज संध्याकाळी ओसरीवर बसून दोन वह्या लिहीत, लेक मांडीवर. कोसमटोल्याची नोंद जास्त बहरायची, कारण तिथे आता चूक व्हायला कोणीच नव्हते. त्या वर्षी जिल्ह्यातल्या उत्कृष्ट चिंतनवहीचा मान कोसमटोल्याला मिळाला, आणि गुणवंतरावांना बढती.

झाले सगळ्यांचे भले. मास्तर घरी आले, पोरीला बाप मिळाला आणि तुमचाही जीव भांड्यात पडला असेल. या सबंध गोष्टीत मास्तरांची बदली होते की नाही याचा तुम्हाला घोर लागला होता, हे मला ठाऊक आहे. मीच लावला होता तो. जिथे हसायचे तिथे हसलात, मास्तर रडले तिथे थोडे हळवे झालात. चुकले काही नाही. फक्त, दुधभुकटीच्या पोत्यांशेजारी तोंडावर बोट ठेवून बसलेली ती चौतीस लेकरे जून महिन्यापासून कोणाकडे शिकत आहेत, हे तुम्ही अजून एकदाही विचारलेले नाही.