एका इंजिनाचे हरीनाना

हरीनाना स्कूटर चालू करण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारतात. गावात नवीन आलेल्या माणसाला वाटतं, म्हातारा गाडीला प्रदक्षिणा घालतोय, आणि तोही भक्तिभावाने बाजूला उभा राहतो. पण नाना त्या वेळी देवाचं नाव घेत नसतात. ते अपघाताचं कारण शोधत असतात, आणि तेही अपघात होण्याआधी. टायर दाबून बघतात, ब्रेक दाबून बघतात. टाकीत एक सोललेली काडी बुडवून पेट्रोल कुठवर आहे ते बघतात, कारण काट्यावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. शेवटी मान वर करून आभाळ बघतात. मग मुरबाडच्या बाजाराला निघतात, ते इतक्या सावकाश की डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका त्यांना मागे टाकून पुढे जातात.

मी त्यांची शेजारीण. शाळेत शिकवते, त्यामुळे सारं गाव मला ‘बाई’ म्हणतं. एकदा माझी एसटी चुकली आणि नाइलाजाने मी नानांच्या मागे बसून शाळेला निघाले. किक मारण्याआधी ते मागे वळून म्हणाले, “बाई, पडायची वेळ आलीच तर डाव्या अंगाला पडा. उजवीकडं गटार हाय.” शाळा येईपर्यंत मी डाव्या अंगाला पडायच्या तयारीत बसून होते. त्यानंतर माझी एसटी कधी चुकली नाही.

हे सगळं आलं विमानातून. नानांनी विमानात कधी पाय ठेवलेला नाही, पण एका इंजिनाचं छोटं विमान का पडतं हा त्यांचा खास विषय. मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ बघतात आणि आवाज एवढा मोठा ठेवतात की मलाही ते ऐकावेच लागतात. पेट्रोल संपतं म्हणून पडतं. पेट्रोलमध्ये पाणी जातं म्हणून पडतं. घरी जायची घाई असते म्हणून पायलट ढगात शिरतो आणि डोंगराला भेटतो. उतरताना वळण घेतो आणि वेग घालवून बसतो. पण नानांचं सगळ्यात आवडतं कारण म्हणजे बर्फ. हवेत दमटपणा असला तर भर उन्हातसुद्धा इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिनाचा घसा दाबतो, हे ते कोणालाही समजावून सांगतात. मे महिन्यात एका लग्नाच्या मांडवात त्यांनी नवऱ्याच्या मामाला गाठून हे सांगितलं. मामा घामाने निथळत होता. तो म्हणाला, “नाना, कुठं धरतो तेवढा सांगा, मी जाऊन बसतो.”

नानांचं एक वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. “एका कारनानं कोन पडत नाय.” मागे शेजारची म्हैस विहिरीत पडली. सगळे तिला राखणाऱ्या गड्यावर तुटून पडले होते. नानांनी विहिरीला फेरी मारली आणि चौकशी सुरू केली. कठडा ढासळलेला होता, दावं कुजलेलं होतं, हौदात सकाळपासून पाणी नव्हतं. “म्हशीला तहान लागली, हा तिचा गुन्हा नाय,” ते म्हणाले. सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा दोष आला आणि गडी मार खाण्यातून सुटला. म्हैसही वर निघाली, पण त्याचं श्रेय दोरखंडाला.

माझी मुलगी गणितात नापास झाली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. नाना ओट्यावर येऊन बसले. मुलीला कावीळ झाली होती, मधेच सर बदलले होते, हे त्यांनी एकेक करून काढलं. मग म्हणाले, “आनि बाई, तुमी घरी शिकवताना लई आरडता.” त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही. पण मुलीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं, ते मी पाहिलं.

असा हा सगळ्यांना सोडवणारा माणूस एका बाबतीत मात्र अडून बसायचा, आणि ती बाब म्हणजे त्यांचं लांब शेत. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत ते सरळ पसरलेलं आहे. पूर्वी तिथे भाताची खाचरं होती. नानांनी स्वतःच्या हाताने मधले सगळे बांध मोडले आणि गवत वाढवलं. आमच्या भागात माणूस एक वेळ शेजाऱ्याशी भांडण मोडेल, पण भाताचा बांध मोडणार नाही. बांध नाही तर पाणी थांबणार कुठे? लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. त्यात त्यांनी त्या शेतात विजेचा खांब येऊ दिला नाही, एक झाड लावू दिलं नाही. विचारलं तर म्हणायचे, “मोकळा बरा वाटता.”

त्यांची एकुलती एक मुलगी कुंदा आसनगावला दिलेली. आई गेली तेव्हा बाराव्याला जेवणं झाल्यावर नाना तिला म्हणाले होते, “दोन इंजिनाच्या विमानाचा एक बंद पडला तरी ते घरी येता. मी आता एकावर हाय.” ते नेहमीच्याच सुरात बोलले, पण कुंदा आत जाऊन खूप रडली. तेव्हाच तिने ठरवलं की गावी घर बांधायचं आणि नानांजवळ येऊन राहायचं. नानांची जुनी खोली तिच्या संसाराला पुरणारी नव्हती आणि घर बांधण्याजोगी जागा एकच, लांब शेताचं रस्त्याकडचं तोंड. नाना म्हणाले, “तिथं काय उभा करायचा नाय.” का, ते सांगेनात. कुंदा वैतागली. “तुमाला मी नको, गवत पायजे,” म्हणाली आणि गेली. मग दिवाळीलाही आली नाही. नाना स्कूटरला फेऱ्या मारत राहिले. एकदा तर फेरी मारली आणि कुठे न जाता परत घरात गेले.

शेत का मोकळं ठेवलंय, याचा थोडासा अंदाज सगळ्यांना होता. मी लग्न होऊन इथे येण्याच्या आधी त्या शेतात खरंच एक छोटं विमान उतरलं होतं. एक शिकाऊ मुलगी चालवत होती. इंजिन बंद पडलं, तिने शेतात उतरवलं, विमान बांधांवरून उसळत शेवटच्या बांधावर आदळलं आणि तिचा पाय मोडला. जगभरच्या अपघातांची कारणं सांगणारे नाना या एका अपघाताबद्दल मात्र “कारन ठाव नाय” एवढंच बोलायचे आणि उठून जायचे.

दिवाळी होऊन गेली होती, गवताची कापणी झाली होती. दुपारी शाळेतून येताना मला लांब शेतात धूर दिसला. आमच्याकडे भाताची रोपं टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. पण ते उन्हाळ्यात. या दिवसांत कोण राब भाजतं म्हणून मी गेले. नाना वाकून विस्तवावर ओला पाला टाकत होते.

“नाना, आता कसला राब?”

“राब नाय, बाई. धूर.” त्यांनी वर बोट दाखवलं. सिद्धगडाच्या बाजूला एक छोटं विमान घुरघुरत चाललं होतं. ते डोंगराआड जाईपर्यंत नानांनी पाला टाकणं थांबवलं नाही. मग तिथेच मातीत बसले आणि बोलायला लागले.

“तवा मी हितंच राब भाजत होतो. विमान आला, पन त्याला आवाजच नव्हता. माझ्यावरनं दोनदा फिरला. मला वाटला, धुरानं त्याला शेत दिसत नसंल. म्हनून मी कळशी ओतली, वर माती टाकली, सगळा विझवला.”

“बरोबरच केलंत.”

“आयका. पोरीला बाहेर काढली, खाटेवर घातली. तर ती मला विचारते, ‘वो धुआँ किधर गया?’ मी म्हनलो, ‘बुझा दिया बेटा, फिकर मत कर.’ तिनं माझ्याकडं बघितला आनि डोळे मिटले. मला वाटला, दुखन्यानं बडबडते.” नाना काडीने माती उकरत राहिले. “लई वर्सांनी मोबाइलवर एक मानूस सांगत होता. इंजिन बंद पडला का पायलट खाली धूर शोधतो. वारा कुठनं येतो ते त्याला धूर सांगतो. वाऱ्याच्या तोंडावर उतरला तर विमान लवकर थांबता. वारा पाठीला आला तर पळतच जाता. त्या दिवशी वारा घडीघडीला फिरत होता, बाई. पोर माझ्या धुराकडं बघत होती, आनि मी तोच विझवला.”

बांध का मोडले, खांब का नको, रस्त्याच्या तोंडाशी घर का नको, सगळं एकदम समोर आलं. ती मुलगी पुन्हा उडाली की नाही, हे नानांना माहीत नव्हतं. पण आभाळात घुरघुर झाली की ती असेल या हिशोबाने हा माणूस खाली वारा दाखवत बसत होता. मला इतकं भरून आलं की मीही दोन मुठी पाला टाकला.

संध्याकाळी मी कुंदाला फोन करून सगळं सांगितलं. रविवारी सकाळी ती आली आणि नाना स्कूटरला फेरी मारत होते तिथेच त्यांना गाठलं. “नाना, बसा ओट्यावर. चौकशी करायची हाय.”

नाना बसले. मी कुंपणाशी उभी होते आणि ऐकत नसल्याचं दाखवत होते.

“इंजिन कोनी बंद पाडला? तुमी?”

“नाय.”

“वारा तुमी फिरवला?”

“येड्यासारखा काय बोलतेस गो?”

“बांध कोनी घातला?”

“माझ्या आज्यानं.”

“आनि विस्तव का विझवलात?”

नानांनी शेताकडे पाहिलं. मग म्हणाले, “तिला नीट दिसावा म्हनून.”

“मग म्हना आता. एका कारनानं...”

नानांनी वाक्य पुरं केलं नाही. आजवर त्यांनी म्हशीला सोडवलं होतं, गड्याला सोडवलं होतं, माझ्या मुलीला सोडवलं होतं. स्वतःवर ते वाक्य कधी लावलंच नव्हतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. कुंदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी कुंपण सोडून आत गेले, कारण मलाही टॉवेल लागला.

घर झालं. रस्त्याच्या तोंडाशी नाही, शेताच्या लांब कडेला, मोहाच्या जुन्या झाडाजवळ, उतरणाऱ्याला आडवं येणार नाही असं. तिथवर जायला पायवाट पाडावी लागली. पाया खणताना नानांनी गवंड्याला इतक्या सूचना दिल्या की तो एकदा थापी टाकून निघून गेला होता. त्याला मी परत आणलं. लांब शेत मोकळंच राहिलं. आणि कुंदाने आईच्या केशरी लुगड्याची एक लांब पिशवी शिवली, दोन्हीकडून उघडी, एक तोंड मोठं आणि एक लहान. मोठ्या तोंडात तारेचं कडं घातलं आणि बांबूला बांधून ती छपरावर उभी केली. वारा भरला की ती फुगून आडवी होते आणि वारा कुठे चाललाय ते लांबूनही दिसतं. वाटसरू कोणत्या देवाचं निशाण म्हणून विचारतात. मी सांगते, नानांना विचारा. ते एकदा सुरू झाले की माणसाची एसटी चुकते.

परवा मी त्यांच्या नव्या ओट्यावर बसले होते. आभाळात घुरघुर ऐकू आली. नाना सवयीने उठले आणि खिशात काड्यापेटी चाचपायला लागले. मग त्यांनी मान वर केली. छपरावर कुंदाच्या आईचं लुगडं ओढ्याच्या बाजूला फुगलं होतं. नाना बघत राहिले, आणि परत खाली बसले.

“कुंदे,” ते म्हणाले, “च्या टाक गो.”