देवरे सर आणि थांबलेला कोष

आमच्या समोरच्या फ्लॅटच्या दारावर एक पाटी आहे : ‘सूर्यास्तानंतर पॅसेजचा दिवा बंद करूनच बेल वाजवावी.’ त्यामुळे कुरिअरवाल्यांची फार पंचाईत होते. दिवा बंद केला की बेल सापडत नाही, आणि बेल शोधायला मोबाइलचा उजेड पाडला की आतून खणखणीत आवाज येतो, “उजेड कोण करतंय?”

हे आमचे देवरे सर. मूळचे सटाण्याकडचे. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आता एकटेच राहतात. मागे कधीतरी पेठच्या बाजूला भटकायला गेले आणि येताना ऐनाच्या झाडावरचे टसर रेशमाचे कोष घेऊन आले. कोंबडीच्या लहान अंड्याएवढे, मातकट, देठाला लोंबणारे. आपण रुमाल वाळत घालतो तसे त्यांनी ते खिडकीत दोरीवर टांगले. पावसाळ्यात एकेका कोषातून तळहाताएवढा पतंग बाहेर पडला. एकातून मात्र कोणीच आलं नाही. कामवाल्या बाईंनी तो केरात टाकायला घेतला, तेव्हा सर अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर धावले.

“मेला नाही तो. थांबलाय!”

‘झोपलाय’ म्हटलेलंही त्यांना चालत नाही. “झोपेतल्याला हाक मारली की तो उठतो,” सर म्हणतात. “याला हाका मारून उपयोग नाही. दिवस लहान व्हायला लागले की अळीला कळतं, पुढे वाईट दिवस आहेत. वाईट दिवस यायच्या आधीच ती कोष विणते आणि आत थांबते. थंडी काढते, उन्हाळा काढते. दिवस मोठे झाले, हवा ओलसर झाली, की मग बाहेर. आणि एखाद्याला त्या वर्षाचा भरवसा वाटला नाही, तर तो पुढच्या वर्षापर्यंत थांबतो.”

आता दिवस किती मोठा हे त्याला खिडकीतून कळणार, म्हणून सरांच्या घरी संध्याकाळनंतर अंधार. पाहुण्यांचा चहासुद्धा अंधारात. मी एकदा खारी समजून टेबलावरचा पुठ्ठा चहात बुडवला होता आणि लाजेखातर थोडा चावलाही होता. दिवाळीच्या आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सरांनी विनंती केली, की गच्चीवरून सोडायच्या दिव्यांच्या माळा दिवस मावळताच बंद कराव्यात, नाहीतर त्याला वाटेल उन्हाळा आला. “वाटू द्या की सर,” चेअरमन म्हणाले, “त्याला कुठे वीजबिल भरायचंय?” सरांनी मग स्वतःच्या खिडकीला गोधडी लावली आणि दिवाळी काढली.

त्यांचं हे ‘थांबलाय’ सगळ्यांना लागू होतं. लिफ्ट बंद पडली, तरी सर जिना चढताना तिच्याकडे बघून म्हणतात, “थांबलीय.” चौकातल्या पुलाच्या कामाबद्दल मात्र एकदा मी विचारलं, “सर, हेही थांबलंय का?” सरांनी नीट विचार केला. “नाही. हे मेलंय.”

हे सगळं मी हसून सांगते आहे, पण गेल्या वर्षी आमच्या घरात हसण्यासारखं काही नव्हतं. माझी मुलगी मुग्धा पुण्याहून घटस्फोट घेऊन परत आली होती. नोकरी सोडून आली होती. आली, आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. जेवायला बाहेर यायची, ताट उचलून पुन्हा आत. ह्यांचं देवळाली कॅम्पात दुकान, ते सकाळी जायचे ते रात्री यायचे. दिवसभर ते बंद दार आणि मी. ते दार आता कधी उघडणारच नाही, अशी भीती मला सकाळी उठल्याबरोबर वाटायची. मुग्धाला मात्र मी ताट देताना विचारायचे, “काही ठरवलंस का गं?” आणि ती अजूनच आत जायची.

त्याच सुमाराला देवरे सर रोज संध्याकाळी आमच्याकडे पेपर वाचायला येऊ लागले. पेपर त्यांच्याकडेही येतो, पण घरात वाचायला उजेड नाही, असं त्यांचं म्हणणं. मुग्धाबद्दल ते चकार शब्द काढत नसत. एकदाच, मी तिला तो प्रश्न विचारल्यावर, पेपरमागून म्हणाले, “ताई, विचारू नका. थांबलीय ती.” मला राग आला. माझी मुलगी म्हणजे काय लिफ्ट आहे?

मग चांदवडहून माझ्या नणंदबाई आल्या. येताना कांद्याची गोणी आणि एक स्थळ घेऊन आल्या.

“पोरगा लय चांगला हे,” वन्सं म्हणाल्या. “बायको वारली, पण घर भरलेलं हे. बघायला काय जातंय? बोलव तिला बाहेर. असं कोंडून घेऊन भागतं का? चार माणसांत आली का आपोआप खुलंल.” आणि माझी वाट न बघता त्या उठून मुग्धाच्या दाराकडे निघाल्या.

सरही उठले. आपली खुर्ची उचलून त्यांनी मुग्धाच्या दाराला टेकवून ठेवली आणि तिथेच बसले.

“बाई, पौषात एखादा दिवस उबदार निघतो,” सर म्हणाले. “तेवढ्या उबेने किडा बाहेर आला तर काय होईल?”

“कोणता किडा?”

“झाडाला पान नसतं. पुन्हा थंडी पडते. मरतो तो. म्हणून तो एका उबेने उठत नाही. त्याला खात्री पटावी लागते.”

“माझ्या भाचीला किडा म्हणता?” वन्सं कडाडल्या. “सरका बाजूला! पोरीचा जन्म मातीत घालाल तुम्ही सगळे!”

सर कधी चिडत नाहीत. चिडले की मात्र सटाण्याची अहिराणी बाहेर येते, आणि तिच्यात ‘मरेल’ म्हणजे ‘मेलेली’. “ती मरेल नही शे!” ते ओरडले. “थांबेल शे! हात नका लावू दाराला!”

वन्सं दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेल्या. गोणी ठेवून गेल्या, स्थळ घेऊन गेल्या.

दुपारी मी सरांना पिठलं-भाकरी घेऊन गेले. विचारलं, तुम्हाला एवढा धीर कसा धरवतो? सर बराच वेळ भाकरीचा एकच तुकडा मोडत बसले.

“नाही धरवला,” ते म्हणाले. “आमचा संदीप इंजिनिअर होऊन घरी बसला होता. कशातच मन नव्हतं त्याचं. मी कधी रागावलो नाही हो. फक्त सकाळी चहा देताना विचारायचो, मग, काय ठरलं? रोज. एक दिवस चहा घेऊन गेलो तर खोली रिकामी. आता बंगलोरला आहे, चांगलं चाललंय म्हणतो. फोन करतो कधीतरी. तिकडचं हवामान सांगतो. मी इकडचं सांगतो.”

मग पाणी प्यायले आणि म्हणाले, “संध्याकाळ झाली की फार वाटतं, फोन करावा आणि विचारावं, कधी येतोस? तसं होऊ नये म्हणून तुमच्याकडे येऊन बसतो.”

मला तिथे रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं. जीभ दाताखाली धरून ताट द्यायचे. संक्रांत गेली, होळी गेली. सरांचा कोष तसाच होता, मुग्धाचं दारही तसंच.

चैत्रातल्या एका संध्याकाळी ते दार उघडलं. मुग्धा न्हाऊन, केस बांधून, पर्स घेऊन बाहेर आली. चपला घातल्या. “जरा जाऊन येते,” म्हणाली.

मी तोंड उघडलं. कुठे, कोणाकडे, परत कधी, सगळं एकदम ओठांवर आलं. समोर सर बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी तोंड मिटलं.

“बरं,” एवढंच मी म्हणाले.

मुग्धाने दार ओढून घेतलं. तिची पावलं जिन्यावरून खाली जात राहिली. आम्ही दोघं हललोसुद्धा नाही. खालच्या फाटकाचा आवाज आला, आणि त्याबरोबर सर पेपर टाकून बाल्कनीकडे धावले. कठड्यावरून पार ओणवून रस्त्याकडे बघत मला म्हणाले,

“ताई, कुठे गेली असेल हो?”