सोजरबाईंच्या खोलीतलं रेडिएशन

सोजरबाई पोकळे भर दुपारी गोधडीत तोंड घालून एकट्याच बोलायला लागल्या, त्याच आठवड्यात समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला होता. या दोन गोष्टींची सांगड घालायला त्यांच्या मुलाला, मच्छिंद्रला, एक चहा संपेपर्यंतही वेळ लागला नाही.

सोजरबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. धायरीत ज्वारी डोलत होती तेव्हापासून डॉक्टरची पायरी कधी न चढलेली बाई. आता डोळे लाल, सकाळी पेंग, आणि मध्येच गोधडीतून खुदकन हसू.

"आई, डोकं जड वाटतंय का?"

"काय न्हाय झालं मला. जाताना दार लोटून जा."

"बघितलंस?" मच्छिंद्र बायकोला म्हणाला. "माणसं नकोशी झालीत तिला. पहिलं लक्षण."

"कशाचं?"

"रेडिएशनचं."

"मग मला ते लग्न झाल्यापासून आहे," विजयमाला म्हणाली आणि भाजी ढवळायला लागली.

मच्छिंद्रने घरबसल्या रेडिएशन मोजायचं एक मीटर मागवलं. आईच्या खोलीत ते टीं टीं करायचं. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की तर ऊर फुटेस्तोवर बोंबलायचं.

"मिक्सरमध्येसुद्धा शिरलंय गं!"

"अहो, चटणी होऊ द्या. मग काढते बाहेर."

दुसऱ्या दिवशी त्याने पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाची अकरा भेंडोळी आणली आणि आईच्या खोलीच्या खिडक्या, भिंती, दार सगळं मढवून काढलं. पोकळ्यांनी म्हातारीला डब्यात भरलं, अशी बातमी खालच्या मजल्यापर्यंत गेली. त्यानंतर मीटर लावून बघतो तर टींटीं दुपटीने वाढलेली! आपण कागद लावल्याचं मोबाईल कंपनीला समजलं आणि तिने मुद्दाम जोर वाढवला, याबद्दल मच्छिंद्रच्या मनात शंका उरली नाही. त्याने अर्ज लिहिला, त्रेचाळीस सह्या गोळा केल्या. एक प्रत कंपनीला धाडली, आणि दुसरी घेऊन तो समोरच्या इमारतीचे मालक मकबूल शिकलगार यांच्याकडे गेला. तीस वर्षांची दोस्ती होती दोघांची, पण आज त्याने पुढे आलेला चहा बाजूला सारला.

"अरे, मी त्या टॉवरच्या बरोबर खाली झोपतो," मकबूल म्हणाला. "माझं फक्त वजन वाढलंय."

"तुला काय धाड भरणार? माझी आई बघ. भिंतींशी बोलते."

मकबूलचा चेहरा उतरला. "सोजरमावशीला त्रास होतोय? मग हे आधी सांगायचं." एवढंच बोलून तो चप्पल घालून कुठेतरी निघून गेला.

कंपनीने पुरावा मागितला तर, म्हणून मच्छिंद्रने खराडीच्या एका प्रयोगशाळेतून सुरय्या मणियार या इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्या तिपाई आणि मोठं यंत्र घेऊन आल्या. मच्छिंद्रचं मीटर त्यांनी हातात घेऊन पाहिलं.

"हे मिक्सरच्या मोटारीलाही ओरडतं आणि मोबाईललाही. कोण ओरडायला लावतंय ते याला कळत नाही."

त्यांनी गच्चीत मोजलं, गॅलरीत मोजलं, हॉलमध्ये मोजलं.

"किती आलं?"

"ठरलेल्या मर्यादेच्या शंभराव्या हिस्स्याइतकंही नाही."

"जरा नीट धरून बघा ना."

"धरायला नाही, मोजायला शिकलेय मी."

मग आईची खोली. यंत्रावरचा आकडा एकदम वर चढला. "आलं ना!" मच्छिंद्र टाळी द्यायला पुढे झाला. सुरय्याताईंनी हात पुढे केला नाही.

"हे बाहेरून येत नाहीये. या खोलीतूनच निघतंय." त्यांनी यंत्र कपाटाकडे नेलं, खिडकीकडे नेलं, आणि शेवटी पलंगावरच्या गोधडीपाशी थांबवलं. "आजी, जरा उठता?"

"मला उठवत न्हाय, बाय."

तेवढ्यात गोधडीतून दुसराच आवाज आला. "सोजर, कोन हाय गं? ती मशीनवाली आली का?"

मच्छिंद्रने गोधडी बाजूला केली. विजयमालाचा जुना फोन, चालू. पलीकडे वेल्ह्याची मुक्तामावशी, सोजरबाईंची धाकटी बहीण. सहा वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं आणि मच्छिंद्रने मावशीकडचं येणंजाणं, बोलणं, नाव काढणं, सगळं बंद केलं होतं.

"मीच दिला फोन," विजयमाला दारातून म्हणाली. "आधी या खोलीत रेंजच नव्हती. टॉवर आला आणि आवाज पोचायला लागला."

"टॉवर नीट ऐकत होता, म्हणून फोन हळू बोलत होता," सुरय्याताई म्हणाल्या. "तुम्ही कागद लावलात. आता फोनला ओरडावं लागतंय, तेही आजींच्या कानाशी. काढा ते."

विजयमालाने खिडकीवरचा कागद टराटरा ओढला. आकडा झरझर खाली आला. मच्छिंद्रचं तिकडे लक्ष नव्हतं. तो आईकडे बघत होता.

"रोज बोलता? रात्रीसुद्धा?"

"सा वरसांचं साठलंया. सपाया येळ लागंल."

त्याने थोडा वेळ पाय खाजवला, मग फोन कानाला लावला. "मावशी... मच्छिंद्र बोलतोय."

मग मुक्ताबाई म्हणाल्या, "जेवलास का रं?"

मच्छिंद्र उत्तर देणार, तोच फोन बंद पडला. रेंज शून्य. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या गच्चीत चार माणसं टॉवरचे भाग उतरवत होती, आणि मकबूल दोन्ही हात हलवून ओरडत होता, "सोजरमावशीला सांग, मच्छिंद्र! कंपनीशी भांडून काढायला लावला!"

सोजरबाईंनी तीन दिवस ताटाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी मच्छिंद्र आणि मकबूल एकाच स्कूटरवरून कंपनीच्या कचेरीत पोचले. कारकून जयसिंग यांनी नवा अर्ज वाचला, जुना काढून शेजारी ठेवला, आणि चष्मा कपाळावर नेला.

"आईच्या तब्येतीसाठी टॉवर काढा म्हणणारे तुम्हीच ना?"

"हो."

"आणि आता बसवा म्हणताय. कारणाची जागा कोरी आहे. काय लिहू?"

मच्छिंद्रने मकबूलकडे पाहिलं. मकबूल छताचा पंखा बघत होता.

"लिहा," मच्छिंद्र म्हणाला, "आईची तब्येत."