वीसच्या पाटीचा दिवा

सरका, असे जवळ येऊन बसा. बुवांचं पेटीच्या सुराशी अजून जमत नाहीये. तेवढ्यात आपल्या पद्मनाभच्या पाटीची गंमत सांगून टाकतो.

पद्मनाभ पुण्याहून इथे बंगळूरच्या जे. पी. नगरात आला नोकरीसाठी आणि रमला या मारुतीच्या देवळातल्या शनिवारच्या कीर्तनात. देवळापुढच्या आडरस्त्याच्या वळणावर वेग वीसच ठेवा म्हणणारी पाटी आहे. दिवेलागणीनंतर ती म्हणजे आख्यान लांबल्यावर पेंगणारा श्रोता; असते, पण नसल्यासारखीच. एका शनिवारी निपाणीच्या यल्लव्वाअक्कांना तिथे स्कूटर घासून गेली. गुडघा आधीच अधू. म्हणाल्या, "आता घरातच बसून देवाचं नाव घ्यावं म्हणते."

पद्मनाभ लगेच म्हणाला, "अक्का, पाटीवर दिवा लागलाच म्हणून समजा. सगळं माझ्यावर सोडा."

त्याने अर्ज केला आणि एका शनिवारी अंधार पडल्यावर पाहणीला पालिकेच्या दिवाबत्ती खात्याचे शिवकुमार आले, बेळगावकडचे. देवळाच्या कट्ट्यावर बसत म्हणाले, "नियम स्वल्प सोपा हाय. गाडीच्या उजेडात पाटी वाचून गाड्या हळू झाल्या, तर दिवा नाही. नाही झाल्या, तर दिवा."

म्हणजे गाड्या सुसाट जायला हव्यात. पहिली मोटरसायकल अशी गेली की पद्मनाभने मनातल्या मनात तिला ओवाळलं. शिवकुमारांनीही मान डोलावली. दिवा मिळालाच होता म्हणा ना.

तेवढ्यात वळणावरून भरधाव रिक्षा आली आणि दिव्याच्या भरवशावर पुन्हा कीर्तनाला निघालेल्या अक्कांनी नेमका रस्त्यात पाय टाकला. पद्मनाभ नियमबियम विसरून हात पसरून रिक्षापुढे धावला. "हळू! हळू!"

आता रिक्षावाला पडला कानडी. कानडीत हळ्ळ म्हणजे खड्डा. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि डोकं बाहेर काढलं. "हळ्ळ? एल्ली?"

कुठे आहे खड्डा, म्हणून मागची मोटार थांबली, तिच्यामागची व्हॅन थांबली. निरोप मागे जाईल तसा खड्डा खोल होत गेला. शेवटच्या गाडीपर्यंत त्यात एक म्हैसही पडली होती. पद्मनाभने हिंदीतून सांगून पाहिलं, "गड्ढा नहीं है," पण लोकांना ऐकू गेलं फक्त गड्ढा. सगळे मोबाइलच्या बॅटऱ्या लावून उतरले. रस्त्यात काही सापडेना, तेव्हा बॅटऱ्या वर फिरल्या. पाटी लग्नघरासारखी झगमगली. "इप्पत्तु," कुणीतरी मोठ्याने वाचलं. वीस.

शिवकुमार धोतर झटकून उठले. "सरी. पाटी वाचता येते. गाड्या हळू काय, उभ्याच राहतात. दिवा बेडा, नको."

"अहो, पण ते या बॅटऱ्यांमुळे..."

"अक्का पोचल्या का नाही?"

अक्का देवळाच्या पायरीवर टेकल्या होत्या. "निवांत आले की. पद्मनाभअण्णा असाच दर खेपेला उभा राहिला, तर एक कीर्तन चुकवायची न्हाई मी."

सगळ्यांनी पद्मनाभकडे पाहिलं. त्याला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तेव्हापासून दर शनिवारी तो पाटीखाली असतो, तिच्यावर बॅटरी धरून. पूर्वरंगातलं निम्मं निरूपण हॉर्न खातात.

लागला बघा सूर. आता गजर होईल, सगळे टाळ्या वाजवतील आणि बाहेरून एक टाळी जरा उशिरा येईल. बॅटरी काखेत धरायला वेळ लागतो. तेव्हा त्याची आठवण काढा.