मयेकर नाना आणि शांततेची पाटी

आमच्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, आणि ती भिंतीकडे तोंड करून टांगलेली आहे. मी इथली ग्रंथपाल, पण पाटी मी उलटी केलेली नाही. तो उद्योग मयेकर नानांचा. मी सरळ करायची, ते येऊन उलटी करायचे. शेवटी मीच दमले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाशी पाटीवरून किती भांडणार?

दर शनिवारी दुपारी आमच्याकडे कुमार वाचक मंडळ भरतं. आठवी-नववीतल्या मुली, तोंडी लावायला दोन-तीन मुलगे. त्यांच्या वयाची एखादी कादंबरी घ्यायची, पाळीपाळीने एकेक पान वाचायचं, मग त्यावर गप्पा. नाना एकदा पेपर वाचायला म्हणून आले आणि खुर्ची ओढून मुलांत बसले ते बसलेच.

“नाना, हे मुलांचं मंडळ आहे,” मी म्हटलं.

“मग? मी काय खातोय त्यांना?”

नानांना ऐकू कमी येतं. मुलीने पाठवलेलं कानातलं यंत्र ते शर्टाच्या खिशात ठेवतात, डबीसकट. “जन्मभर यंत्रंच ऐकली हो बाई, आता माणसं ऐकू द्या,” हे वर. त्यामुळे कुणी पान वाचायला लागलं की नानांची आरोळी ठरलेली, “पोटातून बोल गो बाय, पोटातून!” आमची सई पहिल्या दिवशी इतकी दचकली की पुस्तक हातातून पडलं. आता तीच सई अशी वाचते की बाहेरचा रिक्षावाला थांबून ऐकतो. वाचनालय आहे की मासळीबाजार, असं मला कितीदा तरी वाटून गेलंय.

त्यातही नानांचा एक खास लाडका प्रसंग असतो. या वयाच्या कादंबऱ्यांत मुलगी कधी ना कधी आईबापाशी भांडते आणि खोलीचं दार आपटते. ते आलं की नाना टाळीच वाजवायचे. “आपटलंन! दार आपटलंन गो!” मग मुलींची चौकशी. “तू आपटतेस की नाय घरी? नाय? आपटत जा. अधूनमधून आपटावं.”

व्हायचं तेच झालं. एका मुलीची आई तणतणत आली. “आमची हल्ली ऊठसूट दारं आपटते. हेच शिकवता का इथे?” मी मान खाली घालून उभी. नाना मात्र हात जोडून पुढे झाले. “नशीबवान आहात हो वहिनी,” म्हणाले. ती बाई थट्टा समजून आणखीच भडकली. खरं सांगते, मलाही तेव्हा थट्टाच वाटली.

पुढे एकदा मंडळ आटोपल्यावर चहा घेताना मी विचारलं, “नाना, तुम्हाला त्या दारांचं एवढं काय हो?”

नाना पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर होते. पाळीची नोकरी. रात्रभर मशिनींच्या घरघरीत उभं राहायचं, सकाळी कॉलनीतल्या दोन खोल्यांत येऊन झोपायचं. नाना झोपले की घर मुकं व्हायचं. बायको कुकरची शिट्टी व्हायच्या आत चिमट्याने उचलायची. मंजू, त्यांची एकुलती एक मुलगी, बाहुलीचं लग्नसुद्धा खुणेने लावायची.

“एकदा शाळेत पाठांतराची स्पर्धा होती,” नाना म्हणाले. “पोर म्हणत होती कविता, अंगणात. मी उठलो नि जे काय ओरडलो, बाई! ती स्पर्धेला गेलीच नाय. आणि त्यानंतर घरात तिचा आवाज म्हणून नाय. रडायचीसुद्धा उशीत तोंड खुपसून. तेव्हा मला वाटायचं, काय शहाणी आहे आमची मंजू.”

मंजू आता नाशिकला असते, चाळिशीच्या पुढची. दर रविवारी न चुकता फोन करते. “पण बोलते इतकं हळू! मला फक्त शेवटचं ‘ठेवते’ तेवढं कळतं,” नाना म्हणाले आणि कपबशी विसळायला उठले. मला फार वाईट वाटलं. आधी का नाही विचारलं यांना, असंही वाटलं.

मे महिन्यात मंजू चार दिवसांसाठी येणार होती. नाना आधीपासूनच माझ्या मागे. “बाई, त्या शनिवारी आरडाओरडा असलेलं पुस्तक काढा. भांडकुदळ पोरीचं. मंजूकडनं एक पान वाचून घ्यायचं आहे मला.” मी कपाटं उपसून तसली एक कादंबरी शोधली. त्या शनिवारी नाना इस्त्रीचा शर्ट घालून, चक्क यंत्र कानात घालून आले. मंजू मागे, हातात पिशवी. खुर्ची सरकवली तीसुद्धा उचलून, आवाज न करता.

यंत्राने लगेच शिट्टी मारली. पोरं खिदळली. नानांनी चिडून ते काढलं आणि खिशात टाकलं.

पान मंजूकडे आलं. नेमकं दार आपटायचं पान. ती वाचू लागली आणि मी उठून पंखा बंद केला, तरी शब्द पुरते पोचेनात. पोरं आपोआप पुढे वाकली. “काकू, पोटातून!” सई म्हणाली. सगळे हसले, मंजूही हसली, आवाज काही चढला नाही. मी नानांकडे पाहिलं. आता आरोळी येणार! पण नाना कानामागे हात धरून, नुसते तिच्या ओठांकडे बघत बसले होते. टाळी नाही, काही नाही.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटून मंजू मुलांना एवढंच म्हणाली, “ही मुलगी एवढं दार आपटते, आणि तरी रात्री तिला जेवायला हाक मारतात. मला ते खरं वाटलंच नाही.”

मुलं पांगली. मंजू रिक्षा बघायला रस्त्यापलीकडे गेली. नाना माझ्या टेबलाशी आले. “बाई, शेवटी काय बोललीन ती?”

सांगू की नको, असं झालं मला. पण या माणसाचं आयुष्यात ऐकायचं राहिलं होतं ते तेवढंच. मी त्यांच्या कानाशी वाकून, ओरडून, शब्दन् शब्द सांगितला. या वाचनालयात इतक्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

“पुन्हा सांगा.”

पुन्हा सांगितला.

“बरोबर बोललीन,” नाना म्हणाले आणि चपला घालायला दाराशी गेले.

रिक्षा मिळाली होती. मंजूने पलीकडून हाक मारली असावी, कारण तिचे ओठ हलले. मला खिडकीतून दिसलं, म्हणजे नानांनाही दिसलंच असणार. ते एक चप्पल पायात, एक हातात घेऊन तिच्याकडे बघत उभे. तिने पुन्हा हाक मारली. हे ढिम्म. रिक्षावाला कुरकुरायला लागला, तशी तिसऱ्यांदा मंजू सगळा जीव एकवटून ओरडली, “बाबा!”

केवढा खणखणीत आवाज! नारळवाला वळून बघायला लागला. आणि त्याच क्षणी मंजूने घाईघाईने तोंडावर हात दाबला, घरात कुणी झोपलंय तसा.

“जागा आहे मी!” नाना दारातून ओरडले. “जागा आहे गो बाय! मार, अजून मार हाक!”

मंजूने तोंडावरचा हात काही काढला नाही.